एकमताने मंजूर

ठरावकाकांना भुवया नव्हत्या. चिनी मातीच्या बरण्यांच्या भट्टीवर वीस वर्षं काढलेला माणूस. भट्टीच्या भोकाला डोळा लावायचा, आतल्या जाळाचा रंग बघायचा आणि सांगायचा, "अजून दोन तास." त्या झळांनी भुवया केव्हाच्या जळून गेल्या होत्या. त्यामुळं त्यांचा चेहरा कायम दचकल्यासारखा दिसे. खरोखर दचकलेले असत तेव्हा कळायचंच नाही. मला ते दोनदाच कळलं. एकदा तर ते माझ्याच बोलण्यानं दचकले होते.

नाव त्यांचं वेगळं होतं. ठरावकाका हे चाळीतल्या बायकांनी केलेलं. अंबरनाथच्या पूर्वेला कारखान्याच्या मागं आमची चाळ, बावीस खोल्या आणि नळ एक. काकांनी काय केलं, तर नळावरच्या भांडणांसाठी दर सोमवारी एक अध्यक्ष नेमायला लावला. ज्या बाईला अध्यक्ष नेमलंय तिनं हंड्यांची रांग लावायची, आणि तिच्याविरुद्ध तक्रार असेल तर 'मुद्दा मांडते' असं म्हणून मांडायची. आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. पण पाणी मिळायला लागलं. मग मांजर ठेवायचं की नाही यावर मतदान झालं. गणपतीत आमटीला मीठ कमी पडलं तर काका म्हणाले, "आमटी मंजूर, मिठाची दुरुस्ती सुचवतो." एकटेच राहायचे. लग्नाचं कुणी विचारलं की सांगायचे, "ठराव मांडला होता. अनुमोदन मिळालं नाही."

मी लग्न होऊन पालेगावहून चाळीत आले तेव्हा काका तिथं नव्हते, तुरुंगात होते. स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं तेव्हा सरकारनं लाल बावट्यावाल्यांची धरपकड केली, त्यात त्यांनाही भट्टीवरून उचललं. ना आरोप, ना खटला. दीड वर्षानं सुटून आले, हातात पत्र्याची पेटी, अंगात फक्त हाडं. कामगारांनी हार आणले होते. काका नळापाशी उभे राहिले, पेटी खाली ठेवली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "सभा आहे ना ही? मग अध्यक्ष कोण?"

त्या दीड वर्षाची गोष्ट त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. दर वेळी त्यात एक वाक्य यायचंच. "मला एवढंच विचारायचं होतं, की मी केलं काय? पण विचारायला समोर कुणीच नव्हतं. भिंतीला विचारणार?" हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा, आणि आमचे हे मान खाली घालून ऐकत बसायचे.

मी बरण्या पेंढ्यात भरून खोक्यात घालायच्या कामावर होते. सातवी झालेली, अक्षर बरं. ते बघून काकांनी मला युनियनच्या सभेची वही लिहायला बसवलं. आमच्या ह्यांना विचारलं नाही, मलाच विचारलं. "चिटणीस होणार का?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी वहिनी म्हटलं नाही, सूनबाई म्हटलं नाही. चिटणीसबाई. पुरुषांच्या सभेत खाली सतरंजीवर बसून मी लिहायचे, आणि कुणी फिदीफिदी हसलं की काका म्हणायचे, "चिटणीसबाई, हसणाऱ्याचं नाव लिहा." एवढ्यानं पुरे व्हायचं.

त्यांच्या खोलीत भिंतीवर रशियाच्या पुढाऱ्याची तसबीर होती. भरघोस मिशा, छातीवर बिल्ले. देवासारखा हार वगैरे नाही घालायचे, पण दर रविवारी काच पुसायचे. तिथं कामगारांचं राज्य आहे, मालक नाही, उपाशी कुणी झोपत नाही, असं ते सांगायचे आणि आम्हाला ते खरं वाटायचं. का वाटू नये? भट्टीतला रंग बघून ते जे सांगत ते कधी चुकलं नव्हतं. "एकटा माणूस चुकतो," ते म्हणायचे, "सभा चुकत नाही."

पहिल्या मोठ्या निवडणुकीच्या आधीची एक गोष्ट सांगते, म्हणजे हा माणूस कसा होता ते कळेल. मतदारांची नावं लिहायला सरकारी माणूस चाळीत आला. बायका नाव सांगेनात. ही अमक्याची बायको, ती तमक्याची आई. तो बिचारा तसंच लिहून घ्यायला लागला. काकांनी त्याची पेन्सिल धरली.

माझ्या सासूबाई दारात बसल्या होत्या. काका त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "मावशी, नाव सांगा."

"मना कसला नाव? मी पांडूची आय."

"सरकार पांडूच्या आईला मत देत नाही. तुम्हाला देतं. तुमचं नाव काय?"

सासूबाई लाजल्या, चिडल्या, आत गेल्या, परत आल्या. काका तिथंच, उन्हात, अर्धा तास. सरकारी माणूस घड्याळ बघतोय. शेवटी सासूबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "सोनी." मी तीन वर्षं त्या घरात होते. सासूचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मतदानाच्या दिवशी सासूबाई नवं लुगडं नेसून गेल्या. परत आल्यावर काकांनी विचारलं नाही कुणाला मत दिलं म्हणून. त्यांचा उमेदवार पडला, आणि मला तर पक्की खात्री आहे की सासूबाईंनी दुसऱ्याच उमेदवाराच्या पेटीत कागद टाकला होता. काकांनाही ती असणार. पण नंतर कितीतरी दिवस ते चाळीत सांगत होते, "सोनीबाईंनी मत दिलं."

तर असा माणूस. आणि याच माणसानं टेकचंदचं तसं केलं. मला अजूनही वाटतं, ती दोन वेगळी माणसं होती.

टेकचंद कॅम्पातला, म्हणजे आताच्या उल्हासनगरचा. फाळणीत सिंधमधून आलेला. लढाईच्या वेळी सैनिकांसाठी बांधलेल्या ब्यारेकीत बायको आणि म्हाताऱ्या आईला घेऊन एका खोलीत राहायचा. आमच्याकडं झिलईच्या हौदावर होता. बरणीला चकाकी येते ती त्या हौदातल्या पाण्यानं. मराठी तोडकीमोडकी, पण बोलायची हौस फार. मला 'अदी' म्हणायचा. त्यांच्यात अदी म्हणजे बहीण. सभेत प्रश्न विचारणारा तोच एक. एकदा त्यानं विचारलं, "काका, वो रशिया में दुसरा पार्टी किधर आहे?" काका म्हणाले, "गरज नाही म्हणून नाही." टेकचंद म्हणाला, "अच्छा. गरज है के नहीं, वो कौन सांगतो?" सगळे हसले. काका हसले नाहीत. मला म्हणाले, "प्रश्न लिहू नका."

पुढं संप ठरला. गुपचूप. सोमवारी सकाळी भट्टी विझवायची, असं आमच्या ह्यांच्यासह दहा-बारा जणांच्या बैठकीत ठरलं. वहीत सुद्धा लिहिलं नाही. सोमवारी आम्ही फाटकावर गेलो तर पोलीस उभे, भट्टीवर बाहेरून आणलेली माणसं. संप दोन दिवसांत मोडला. पाच जणांना काढून टाकलं. आणि आठवड्याभरात काकांना पक्षाच्या वरच्या कमिटीकडून चिठ्ठी आली, 'तुमच्यात मालकाचा खबऱ्या आहे. शोधून काढा.'

काकांनी दोन दिवसांत शोधला. बैठकीला टेकचंद होता. संपाच्या आदल्या दिवशी कुणीतरी त्याला मॅनेजरच्या बंगल्याच्या मागच्या दारातून बाहेर पडताना बघितलं होतं. शिवाय तो प्रश्न विचारायचा. झालं.

रविवारी सकाळी सभा भरली, चाळीपुढच्या पटांगणात. मला सहावा महिना होता, म्हणून माझ्यासाठी स्टूल ठेवलं होतं. काकांनी ठराव वाचला. टेकचंदला युनियनमधून काढण्यात यावं, त्याच्याशी कुणी काम करू नये, बोलू नये, सुखदुःखाला जाऊ नये. वाचताना त्यांचा आवाज सरळ होता.

टेकचंद उभा राहिला. "काका, मला बोलायचं आहे."

"आधी मतदान," काका म्हणाले. "मग निवेदन."

"मग बोलून काय फायदा? काका, दोन मिनट. सिर्फ दो मिनट."

"खाली बस."

मी वहीवरून मान वर केली. मला वाटलं काकांच्या लक्षात येईल. आत्ता येईल. तुरुंगातल्या भिंतीला विचारणारा माणूस हा. पण ते आमच्याकडं बघत होते, एकेकाकडं, रांगेनं, भट्टीच्या भोकातून बघतात तसे एक डोळा बारीक करून. "बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

पहिला हात आमच्या ह्यांचा गेला. मग बाकीचे. काकांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. माझ्या उजव्या हातात टाक होता. मी टाकासकट हात वर केला.

टेकचंद उभाच होता. तो वळला आणि आमचे हात मोजायला लागला. ओठ हलताना दिसत होते. मोजून झाल्यावर मला म्हणाला, "सत्तेचाळीस. बरोबर आहे, अदी. लिख."

मी लिहिलं, 'एकमताने मंजूर.'

दुसऱ्या दिवशी झिलईच्या हौदावरून सगळे उठून गेले. टेकचंद एकटा उभा. मुकादमानं दुपारी त्याला घरी पाठवलं, तो पुन्हा आला नाही. खबऱ्याचा शिक्का बसलेल्याला अंबरनाथमध्ये दुसऱ्या कुठल्या कारखान्यानं घेतलं नाही, हे कानावर आलं. मग तेही येईनासं झालं. मला मुलगी झाली. बारशाला काकांनी पाळण्याचं नाव मताला टाकलं, सगळे हसले, मीही हसले. माणूस विसरतो हे मला तेव्हा कळलं. खरं तर विसरत नाही, फक्त बघायचं सोडून देतो.

दोन-तीन वर्षं गेली. मग रशियाची ती बातमी आली.

तिथल्या नव्या पुढाऱ्यानं बंद दाराआड भाषण केलं होतं. आधीचा तो मिशाळ पुढारी, तसबिरीतला, त्यानं आपल्याच हजारो माणसांना गद्दार ठरवून मारलं, असं त्या भाषणात होतं. आधी इंग्रजी पेपरात आलं. काका म्हणाले, "मालकांचे पेपर. थापा." मग हळूहळू त्यांच्या पक्षाच्या माणसांनीच मान्य केलं. काका वाचनालयात जाऊन शब्दकोश घेऊन बसायला लागले. भाषणाचं मिळेल ते कात्रण ओळ-ओळ लावायचे. नळावर कोण अध्यक्ष आहे याची चौकशी थांबली. एकदा त्यांनी सांगितलं 'अजून दोन तास', आणि भट्टीतल्या बरण्या अख्ख्या वितळून एकमेकींना चिकटल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. "चिटणीसबाई, जुनी वही आणा."

मी गेले तेव्हा ते खाली फरशीवर बसले होते. तसबीर भिंतीवरच होती, पण काच पुसलेली नव्हती. समोर कात्रणं पसरलेली. ते माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "ह्या माणसांनी आयुष्य घातलं हो पक्षात. सगळं आयुष्य. त्यांना उभं केलं आणि म्हणाले, तू गद्दार. त्यांनी कबूल केलं. न केलेलं कबूल केलं. आणि सभा बसलेली. सगळ्यांनी हात वर केले." त्यांनी कात्रणावर बोट ठेवलं. "मी शोधतोय. एक तरी हात खाली असेल म्हणून शोधतोय. नाही."

मी वही उघडून दिली. पान त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी ते वाचलं. एकदा, दोनदा.

"तुम्ही हात का वर केलात?" त्यांनी विचारलं.

मी पसरलेली कात्रणं गोळा करायला लागले.

"टेकचंद खबऱ्या आहे असं तुम्हाला वाटत होतं?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही माझ्याकडं बघत होता, काका."

"मग काय झालं?"

"मला तुमची भीती वाटली."

त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, भुवया नसलेला. पण हातातली वही खाली पडली आणि त्यांना ते कळलं नाही. "माझी?" ते म्हणाले. "माझी भीती? मी काय मालक आहे? मी पोलीस आहे?" मग अगदी बारीक आवाजात, "मी तुम्हाला चिटणीस केलं."

"हो," मी म्हटलं. "म्हणून जास्त वाटली."

पुढचा सगळा आठवडा जेवणाच्या सुट्टीत काका एकेकाजवळ जाऊन बसायचे आणि तोच प्रश्न विचारायचे. हात का वर केलास? लोक आधी गडबडायचे, मग सांगायचे. सगळ्यांनी केला म्हणून. तुम्ही म्हणालात म्हणून. नाही केला तर माझंच नाव येईल म्हणून. एक जण म्हणाला, मी मागं होतो, ठराव कसला आहे तेच ऐकू आलं नाही. टेकचंद दोषी वाटला म्हणून हात वर केला असं सांगणारे फक्त चौघं निघाले. काका ते सगळं एका कागदावर लिहून घेत होते.

शेवटी ते आमच्या खोलीत आले. हे पाटावर जेवत होते. काकांनी विचारलं, "तुझा हात पहिला होता. का?"

ह्यांनी घास खाली ठेवला. खाली बघतच ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "खबर मी दिली होती."

मी भाकरी थापत होते. ती तशीच हातात राहिली.

"मॅनेजरनं बोलावलं होतं," हे सांगायला लागले. "म्हणाला, संप कधी आहे ते सांग, नाहीतर तुझं नाव पोलिसांच्या यादीत देतो. त्या तुमच्या भट्टीवाल्यासारखा जाशील दीड वर्ष. ना आरोप, ना खटला. हिला सहावा महिना होता. काका, तुम्हीच ती गोष्ट शंभरदा सांगितली होती. ती भिंत माझ्या डोळ्यापुढं उभी राहिली. मी सांगून टाकलं."

"आणि टेकचंद? तो बंगल्यावर कशाला गेला होता?"

"पापड द्यायला. त्याची बायको पापड करायची, मॅनेजरच्या बाईला लागायचे. मी तिथंच होतो तेव्हा. मला सगळं माहीत होतं."

काका भिंतीला टेकले. "सभेत उभं राहून सांगायचंस रे. माणूस घाबरतो. मी समजून घेतलं असतं."

ह्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "सभेत?" ते म्हणाले. "तुमच्या सभेत?"

तव्यावरची भाकरी जळली होती. कुणी उतरवली नाही.

मी त्या दिवशी ह्यांच्याशी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काय बोलणार? सत्तेचाळीस हातांत माझाही होता. वहीतलं अक्षरही माझंच. पण त्यांनी पहिला हात वर केला होता, सगळं माहीत असून. 

काकांनी सभा बोलावली. आधी ह्यांना सांगून गेले, "मी तुझं नाव घेणार नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव." सभेत एक्केचाळीस माणसं होती. काकांनी टेकचंदचा ठराव मागं घ्यायचा ठराव मांडला. कारण सांगा, लोक ओरडले. तेव्हा हे उठले आणि त्यांनी सगळं सांगितलं, मॅनेजर, यादी, पापड. पटांगणात कुणीतरी त्यांच्या अंगावर चप्पल फेकली. "हाकला, हाकला," असा गलका झाला, आणि मी बघितलं तर हात वर जायला लागलेसुद्धा होते, कुणी न सांगताच.

"हात खाली!" काका ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "आधी तो पुरतं बोलेल. मग चिठ्ठ्या. आणि कोण काय लिहितो ते कुणी बघायचं नाही. मी तर नाहीच नाही."

तडा गेलेली एक मोठी बरणी मधे ठेवली. काका तिच्याकडं पाठ करून उभे राहिले. तीन वेळा चिठ्ठ्या झाल्या. टेकचंदचा ठराव मागं घ्यावा, हे मंजूर झालं. सहा जण तरीही विरुद्ध होते. ह्यांना युनियनमधून काढावं, हे मंजूर झालं तीन मतांनी. मी काय लिहिलं ते मी ह्यांना सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.

तिसरी चिठ्ठी काकांनी स्वतःच मांडली होती, मी पुढारी राहावं की नाही. मला वाटतं त्यांची खात्री होती की लोक ठेवतील. कुणाला नसती वाटली? ज्यानं आमच्यासाठी तुरुंग भोगला, सासूबाईंचं नाव सरकारदरबारी लिहायला लावलं. मी चिठ्ठ्या उघडत गेले. 'नाही. नाही. नको. नाही.' एक्केचाळीसांतले एकोणतीस. ज्यांनी दहा वर्षांत त्यांच्यापुढं एकदाही हात खाली ठेवला नव्हता त्यांनीच लिहिलेलं. एका चिठ्ठीवर फक्त 'पुरे' एवढंच होतं.

मला वाचवेना. काकांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि स्वतःच वाचून दाखवला. "एकोणतीस विरुद्ध बारा. मी पुढारी राहिलेलो नाही. चिटणीसबाई, लिहून घ्या." आवाज सरळ होता. मग निघाले. चपला तिथंच विसरून अनवाणी चालत खोलीपर्यंत गेले. हा त्यांच्या दचकण्याचा दुसरा प्रसंग.

महिनाभरात त्यांच्या पक्षाचं पत्र आलं. वरून आलेला निर्णय उघड्या सभेत फिरवला, शिस्त मोडली, म्हणून त्यांना पक्षातून काढलं होतं. बाजू मांडायला बोलावलंही नव्हतं. पत्र त्यांनी मला वाचायला दिलं आणि म्हणाले, "खालची ओळ बघा." खाली लिहिलं होतं, निर्णय एकमताने. त्या वर्षाअखेर हंगेरीत रशियाचे रणगाडे शिरल्याच्या बातम्या आल्या तेव्हा त्यांनी तसबीर उतरवली. फाडली वगैरे नाही. ट्रंकेच्या तळाशी उलटी ठेवली. मी एकदा चिडून म्हटलं, "मग सरकारच बरं म्हणायचं का, काका?" ते म्हणाले, "सरकारनं मला दीड वर्ष बोलू दिलं नाही. पक्षानं एक दिवस. मी टेकचंदला दोन मिनिटं. आता यात बरं कोण ते तुम्हीच सांगा." त्यानंतर ते भट्टीवर काम करत राहिले, पेन्शनीला गावी गेले, तिकडंच वारले.

पण मला आठवतो तो ह्या सगळ्यातला एक रविवार, सभेनंतरचा लगेचचा. काका आणि मी चालत कॅम्पात गेलो होतो, ठरावाचा कागद घेऊन. मुलीला कडेवर घेतलं होतं. हे आले नाहीत. आमच्याच दारापर्यंत आले आणि परत फिरले.

ब्यारेकीच्या लांबलचक ओसरीत टेकचंद खाटेवर पापड वाळत घालत होता. केस पांढरे झाले होते. आम्हाला बघून उठला नाही. त्याची बायको आतून आली, तिनं दुसरी खाट ओढून दिली आणि पाण्याचे दोन पेले आणि ताटलीत पापड ठेवले. त्यांच्यात आलेल्याला हे द्यावंच लागतं. काका बसले नाहीत. त्यांनी कागद पुढं केला. "टेकचंदभाई, सभेनं ठराव मागं घेतलाय. चूक माझी होती."

टेकचंदनं हात पुसून कागद घेतला, उलटसुलट बघितला. "ही लिखाई मला येत नाही, साईं. आमची दुसरी." पूर्वीचा 'काका' गेला होता, 'साईं' म्हणजे साहेब आला होता. मग मला म्हणाला, "अदी, तूच लिहिलं ना? तूच वाच."

मी वाचलं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशीचा पण तूच लिहिला होता. त्यात होतं, सुखदुःखाला जाऊ नये." त्यानं ओसरीकडं हात केला. "इथं तुमच्या कारखान्यात जाणाऱ्यांची अकरा घरं आहेत. माझी आई गेली त्या पावसाळ्यात. मी होतो, भाऊ होता, दुकानवाला एक आला. तीन खांदे. अकरा दरवाजे बंद. चौथा खांदा हिनं दिला." बायकोकडं बघून म्हणाला, "औरत जात. स्मशानापर्यंत."

 ते वाक्य मी किती वळणदार लिहिलं होतं ते मला आठवत होतं. आतापर्यंत उभे असलेले काका खाटेच्या कडेवर बसले.

"उद्यापासून कामावर ये," ते कसंबसं म्हणाले. "मी मॅनेजरपाशी जातो. पाया पडतो त्याच्या."

"तिथं सगळे तेच आहेत ना, साईं?" टेकचंद म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, खरोखर विचारत होता. "हौदावर उभं राहायचं तर कुणाकडं तरी पाठ करावी लागते. मी कुणाकडं करू?"

  ओसरीत कुणाच्या तरी दाराची फट उघडली आणि मिटली.

 टेकचंदची बायको पुढं आली, तिनं नवऱ्याच्या हातातून कागद घेतला आणि माझ्या हातात दिला. मग माझं मनगट धरलं, पापड लाटून लाटून निबर झालेल्या हातानं, आणि मला ओढत त्या अकरांतल्या पहिल्या दाराशी नेलं. माझ्या हातातल्या कागदाकडं बोट दाखवून तिनं कडी वाजवली. आत कुणीतरी गप्प झालं. तिनं पुन्हा वाजवली. दार उघडेपर्यंत ती वाजवत राहिली.